वाघाच्या जागी कणसं

१५ ऑगस्ट १९४७ला गावोगावच्या कचेऱ्यांवर तिरंगा चढला. त्या दिवशी पेढे आणायला गेलेल्या माणसानं हलवायाच्या गल्ल्यावर ठेवलेल्या रुपयावर मात्र मुकुट घातलेला सहावा जॉर्जच होता. तो पुढची तीन वर्षं तिथंच राहिला. संविधान लागू झालं, देश प्रजासत्ताक झाला, तरी भाजीबाजारात, टपाल कचेरीत, देवळातल्या दानपेटीत राजाचंच डोकं फिरत होतं. नाण्यावरचं राज्य बदलायला १५ ऑगस्ट १९५० उजाडावा लागला. त्यानंतर सात वर्षांतच दुसरा आणि कितीतरी मोठा बदल आला, तो हिशेबाचा. या दोन बदलांच्या कथेत आपल्या प्रजासत्ताकाच्या सुरुवातीच्या काळातली एक शहाणी गोष्ट दडलेली आहे. पुढे आपण ती विसरलो, म्हणून ती सविस्तर सांगायला हवी.

आधी १९४७चा तो रुपया पाहू. तो चांदीचा नाही, निकेलचा आहे. लोहचुंबक जवळ नेलं तर टपकन चिकटतो. आपल्या आज्या-पणज्यांनी जपलेला राणीछाप रुपया चांदीचा होता आणि दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकूनच लोक तो घेत. खणखणीत नाणं म्हणतात ते तिथूनच आलं. दुसऱ्या महायुद्धानं ती चांदी खाल्ली. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. युद्ध संपताना अमेरिकेकडून उसनी आणलेली चांदी परत करायची होती, त्यामुळे १९४६-४७मध्ये चांदी पार काढून टाकून पाव, अर्धा आणि एक रुपया निकेलचा झाला. या नव्या नाण्यांच्या एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला चालणारा पट्टेदार वाघ. वाघ रुबाबदार आहे. पण राज्यकर्त्यांना शिकारीसाठी जो हिंदुस्थान आवडे, त्यातलाच तो वाघ आहे, असं मला ते नाणं पाहताना नेहमी वाटतं.

राजाचा चेहरा नाण्यावर असलाच पाहिजे, ही मराठी मुलखातली रीत नव्हती. कुषाणांनी आणि गुप्तांनी आपल्या प्रतिमा नाण्यांवर पाडल्या, जहांगिरानंही ती हौस केली. पण इथल्या माणसाच्या कनवटीला जे नाणं असे त्यावर अक्षरं असत. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतरची तांब्याची शिवराई पाहा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’, बास. चेहरा नाही, मुकुट नाही. ही शिवराई राज्य गेल्यावरही कितीतरी दिवस बाजारात चालत राहिली. रुपये तर पेशवाईतही मोगल बादशहाच्या नावानंच पाडले जात, आणि ईस्ट इंडिया कंपनीही बराच काळ शाह आलमच्या नावानं नाणी पाडत होती. लोकांना ओळखीचं नाणं हवं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. १८३५मध्ये साऱ्या मुलखासाठी एकच नाणं करण्याचा कायदा झाला आणि चौथ्या विल्यमचा चेहरा पहिल्यांदा सगळ्यांच्या हातात आला. मग व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज. एका चेहऱ्यामागून दुसरा, अशी ११० वर्षांहून जास्त रांग.

त्या रांगेतला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे, कारण नाण्यावरची रेघ किती जपून काढावी लागते ते त्यातून कळतं. १९११ साली पाचव्या जॉर्जचा रुपया निघाला. राजाच्या अंगावरच्या झग्यावर एक हत्ती कोरलेला होता. जागा तांदळाएवढी. त्यात हत्तीची सोंड आखूड झाली, पाय बुटके झाले, आणि लोकांना तो हत्ती न दिसता डुक्कर दिसू लागलं. मुसलमान समाजात संताप उसळला. सरकारनं रुपया वाटणं थांबवलं, टांकसाळीत पडून असलेली नाणी वितळवली, सोंड लांब केली आणि १९१२मध्ये नवा साचा आणला. आज संग्राहक त्या १९११च्या रुपयाला ‘पिग रुपी’ म्हणून शोधत असतात. साच्यावरची चूक लाखो नाण्यांवर उमटते आणि रोज लाखो डोळे ती बारकाईनं पाहत असतात. कागदावरचं चित्र कोणी दोनदा पाहत नाही, पैसा मात्र प्रत्येक जण उलटून-पालटून पाहतो.

स्वातंत्र्यानंतर लगेच नाणी का बदलली नाहीत, असं आज कोणी विचारील. १९४७ ते १९५० हा देश वसाहतीच्या दर्जाच्या स्वराज्यात होता आणि कायद्यानं राजा अजून राजाच होता. तशातच फाळणीनं तिजोरी, सैन्य, कचेऱ्या आणि माणसं यांची वाटणी चालवली होती. चलन हा विश्वासाचा मामला. त्या धामधुमीत तो विश्वास हलवायला कोणीच तयार नव्हतं. पाकिस्ताननं १९४८मध्ये चंद्र-ताऱ्याची आपली नाणी काढली. आपण थांबलो. नोटांच्या बाबतीत राजाच्या जागी महात्मा गांधींचं चित्र घालावं, असा विचार आधी झाला होता, तशी चित्रंही तयार झाली होती. शेवटी मत वळलं ते सारनाथच्या सिंहस्तंभाकडे. २६ जानेवारी १९५०ला तोच सिंहस्तंभ राजमुद्रा झाला आणि त्याच वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी नाण्यावर आला. अर्थमंत्री तेव्हा चिंतामणराव देशमुख होते, कुलाबा जिल्ह्यातल्या नाते गावचे, आणि त्याआधी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर.

आता १९४७चा आणि १९५०चा असे दोन रुपये शेजारी ठेवा. एकाच जातीचे, निकेलचे, गोल, आकारानं आणि वजनानं जवळपास सारखे. डोळे मिटून बोट फिरवलं तर हा राजाचा की हा सिंहाचा, हे सांगणं अवघड. पण डोळे उघडले की सगळं बदललेलं. राजाच्या जागी तीन सिंह. चौथा मागं आहे, तो दिसत नाही. वाघाच्या जागी धान्याची कणसं, मधे आकडा, आणि देवनागरीत ‘एक रुपया’. वाघाची जागा कणसांनी घेतली, याचा अर्थ त्या काळच्या माणसाला फोडून सांगायची गरज नव्हती. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात माणसं रस्त्यावर मेली होती, शहरांत रेशनच्या रांगा होत्या, धान्य परदेशातून आणावं लागत होतं. नव्या देशानं आपल्या सर्वात मोठ्या नाण्यावर जनावर काढलं नाही, पीक काढलं. माझ्या मते आजवर आपल्या नाण्यांवर जेवढी चित्रं आली त्यांत हे सर्वात नेमकं.

लहान नाण्यांवरही याच स्तंभातून चित्रं घेतली. सारनाथच्या सिंहांच्या पायाखाली जी गोल बैठक आहे, तिच्यावर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह असे चार प्राणी कोरलेले आहेत, मधे मधे चक्रं. त्यांतला दौडता घोडा पैशावर आला, बैल अर्ध्या आण्यावर, आण्यावर आणि दोन आण्यांच्या नाण्यावर. आणि इथं बघा, आण्यांच्या नाण्यांच्या आकारांना हात लावला नाही. राजाच्या वेळी अर्धा आणा चौकोनी होता, तो चौकोनीच राहिला. आण्याला कातरलेल्या कडा होत्या, त्या तशाच राहिल्या. दोन आणे चौकोनी, कोपरे गोल केलेले, तेही तसेच. बाजारातल्या म्हातारीनं कनवटीतून न बघता नाणं काढलं तरी तिला कळत होतं की हा आणा आहे. चेहरा बदलला पण हाताची ओळख मोडली नाही. एवढ्या मोठ्या देशात, बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नसताना, हा बदल कुठलाही गोंधळ न होता पार पडला तो यामुळे.

एक गोष्ट मात्र गेली आणि तिची हळहळ वाटते. सातव्या एडवर्डच्या काळापासून आण्याच्या छोट्याशा नाण्यावर त्याची किंमत इंग्रजीखेरीज उर्दू, देवनागरी, बंगाली आणि तेलुगू लिपीत लिहिलेली असे. १९५०च्या नाण्यांवर इंग्रजी आणि देवनागरी एवढंच उरलं. परक्या सरकारनं बोटभर जागेत पाच लिप्या बसवल्या होत्या, आपल्या सरकारनं त्या कमी केल्या. १९५७मध्ये तर किंमतीचे शब्द फक्त हिंदीत आले. मद्रासकडच्या माणसाला त्या नाण्यावर वाचता येत होता तो फक्त आकडा.

आणखी एक भाग आहे, जो पुण्या-मुंबईकडच्या लेखनात सहसा येत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे सगळं फार वेगळ्या रीतीनं भोगावं लागलं. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले. त्या रुपयावर चारमिनार असे आणि चारमिनारच्या दारात निजामाच्या नावाचं आद्याक्षर. इंग्रजी रुपयाला तिकडं कलदार म्हणत, यंत्रावर पाडलेला म्हणून. १९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झालं. १९५०मध्ये हाली आणि भारतीय रुपया सोबत चालू लागले आणि भाव ठरला ७ हाली म्हणजे ६ कलदार. कपाशी विकून आलेल्या शेतकऱ्यानं घरी येऊन सातास सहा असा हिशेब बसवायचा. सावकाराकडं कर्ज हालीत, सरकारी भरणा कलदारमध्ये, आणि मधला फरक ज्याला हिशेब येत नाही त्याच्या अंगावर. १९५१मध्ये हाली पाडणं थांबलं, पण ती रद्द झाली नाही; ती पूर्ण जायला १९५९ उजाडलं. म्हणजे चारमिनारची सवय सुटायच्या आतच सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. दहा वर्षांच्या आत तीन हिशेब. नांदेड-परभणीकडच्या त्या पिढीला हे कसं जमलं असेल, याचा विचार केला की थक्क व्हायला होतं.

आता नव्या पैशाकडं येऊ. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. हे कोष्टक आज पाहिलं की भीती वाटते, पण ते मूर्खपणाचं नव्हतं. १६ला दोननं अर्धं करत गेलं की ८, ४, २, १. कुठं अपूर्णांक येत नाही. अर्धा शेर, पाव शेर, छटाक अशा वजनांशी ते चपखल बसे. शाळेत पोरं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करत ती याच हिशेबासाठी. दुकानदाराच्या वहीत पाव रुपयाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणाला तीन. वाचता न येणारा गडीही ती रेघ ओळखे. अडचण होती ती मोठ्या बेरजेची. बँकेत, रेल्वेत, कारखान्याच्या पगारपत्रकात रुपये-आणे-पै अशा तीन रकान्यांची बेरीज करताना कारकुनाचा निम्मा दिवस जाई. शेजारच्या सिलोननं १८७२मध्येच आपल्या रुपयाचे १०० भाग करून टाकले होते. आपल्याकडं ती मागणी शंभर वर्षं होत होती आणि दरवेळी मागं पडत होती.

१९५५च्या सप्टेंबरात नाणे कायद्यात दुरुस्ती झाली. अर्थखातं तेव्हाही देशमुखांकडंच होतं. मुंबई महाराष्ट्राला द्यावी की नाही या प्रश्नावर त्यांनी १९५६मध्ये राजीनामा दिला, त्यामुळे १ एप्रिल १९५७ला कायदा अमलात आला तेव्हा ते मंत्रिमंडळात नव्हते. कायद्याचा सगळ्यात शहाणा भाग असा की रुपयाला हात लावला नाही. नाव तेच, किंमत तीच. फक्त त्याच्या पोटातले भाग बदलले. म्हणून बँकेतली ठेव, जमिनीचा सौदा, महिन्याचा पगार, मुलीच्या लग्नाला काढलेलं कर्ज यांतला एक आकडाही हलला नाही. आणि पैसा हे नाव दोन्हीकडं असल्यानं नव्याला ‘नया’ हे विशेषण लावलं. लोक त्याला नवा पैसा म्हणू लागले. काहींनी नुसतं ‘नवा’ म्हणायला सुरुवात केली: “दहा नवे दे.”

नवी नाणी १, २, ५, १० आणि २५ नव्या पैशांची. एका बाजूला सिंहस्तंभ आणि आता ‘भारत’ हे नाव देवनागरीतही. दुसऱ्या बाजूला मोठा ठसठशीत आकडा आणि वर हिंदीत लिहिलेलं, की हा रुपयाचा सौवाँ भाग आहे, हा बीसवाँ, हा दसवाँ. घोडा गेला, बैल गेला. नाण्यानं शिकवण्याचं काम अंगावर घेतलं होतं, म्हणून चित्राची जागा गणितानं घेतली. पाच चौकोनी, दोन आणि दहा कातरलेल्या कडांचे, एक पैसा आणि पंचवीस गोल. इथंही आकारांचं भान होतं. ५० नव्या पैशांचं नाणं १९६०मध्ये आणि नव्या धर्तीचा रुपया १९६२मध्ये आला. तोवर जुनी अधेली आणि जुना रुपया खुशाल चालत होते, कारण आठ आणे म्हणजे बरोबर पन्नास.

चार आणे म्हणजे पंचवीस, आठ म्हणजे पन्नास, बारा म्हणजे पंच्याहत्तर. इथवर सगळं सोपं. खाली उतरलं की भांडण. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? कायद्यानं नियम दिला: जवळच्या आकड्याला आणा, आणि बरोबर मध्यावर आलं तर खालचा आकडा धरा. म्हणून एक आणा ६, दोन आणे साडेबाराचे १२, तीन आणे पावणेएकोणीसचे १९, सहा आणे साडेसदतीसचे ३७. शिवाय हा हिशेब एका वेळी जेवढी रक्कम पुढं केली तेवढ्यावर. जरा करून पाहा. एक जुना पैसा दिला तर दीडाहून थोडे जास्त होतात, म्हणून २ नवे मिळायचे. चार जुने पैसे एकदम दिले तर तो आणा झाला, त्याचे ६. तेच चार जुने पैसे चार वेगवेगळ्या खरेदींत दिले तर आठ. उलट चार आणे एकदम दिले तर २५, आणि एकेक आणा करून चारदा दिले तर २४. आण्याची कोथिंबिरीची जुडी आता सहाला की सातला, हा वाद भाजीवालीशी घालणाऱ्या बाईच्या बाजूनं कायदा होता, पण कायदा तिच्या पिशवीत नव्हता. सुट्या नव्या पैशांची चणचण असताना दुकानदार वरचा आकडा लावत, आणि गरिबाच्या रोजच्या खरेदीत तो अर्धा-पाऊण पैसा दिवसभर गळत राही. पानपट्टीवर, बसमध्ये, टपाल कचेरीत भिंतीवर रूपांतराची कोष्टकं लागली. १ एप्रिल १९५७लाच निघालेल्या भारताच्या नकाशाच्या टपाल तिकिटांत १३ नव्या पैशांचंही एक तिकीट होतं, आणि दोन आण्यांचे तर कोष्टकात बाराच.

तरीही हा बदल पचला. दोन्ही नाणी एकाच गल्ल्यात काही वर्षं सोबत चालली, लोकांना सवयीला वेळ मिळाला. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो-लिटर आले, आणि दशमान पैशानं त्यांचा रस्ता आधीच तयार करून ठेवला होता. १ जून १९६४ला ‘नया’ हा शब्द सरकारनं काढून टाकला. सात वर्षांत नवा पैसा नुसता पैसा झाला. महसूल खात्यातली पिकाची आणेवारी कागदोपत्री पैसेवारी झाली, पण तलाठ्याच्या आणि शेतकऱ्याच्या तोंडी आजही आणेवारीच आहे. सोळा आणे खरी गोष्ट अजून कोणी शंभर पैसे खरी म्हणत नाही.

गोव्याचं थोडक्यात सांगतो. तिथं पोर्तुगीजांचा रुपया आणि तंगा चाले. १९५८मध्ये पोर्तुगीजांनी ते काढून एस्कुदो आणि सेंताव आणले, एका रुपयाचे सहा एस्कुदो. ते अंगवळणी पडतात न पडतात तोच १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला आणि नवा पैसा आला. पणजीच्या बाजारानं चार वर्षांत जे पाहिलं ते मुंबईनं शंभर वर्षांत पाहिलं नव्हतं.

पुढच्या काळातली गोष्ट धातूची आहे आणि ती भरभर सांगण्यासारखी. महागाई वाढली, नाण्याच्या किमतीपेक्षा त्यातला धातू महाग होऊ लागला. १९६४मध्ये सहाकोनी तीन पैसे ॲल्युमिनियमचे निघाले आणि मग हळूहळू बारीक चिल्लर पांढरी, हलकी झाली. पण पाच पैसे ॲल्युमिनियमचे झाले तरी चौकोनीच राहिले आणि दहा पैशांच्या कडा कातरलेल्याच राहिल्या. त्याच १९६४मध्ये नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ रुपया आणि ५० पैसे निघाले. राजा गेल्यानंतर आपल्या नाण्यावर आलेला हा पहिला मानवी चेहरा. १९६९मध्ये गांधीजी आले. त्यानंतर दार उघडलंच: १९९०मध्ये डॉ. आंबेडकर, १९९९मध्ये ज्ञानेश्वर माउली एका रुपयावर आणि शिवछत्रपती दोन रुपयांवर, २००७मध्ये लोकमान्य पाच रुपयांवर. या माणसांबद्दल मनात कितीही आदर असला तरी मला वाटतं, चेहरा नसलेलं १९५०चं नाणं अधिक मोठ्या मनाचं होतं. ते कोणा एकाचं नव्हतं.

१९८८पासून स्टेनलेस स्टील आलं. पंचवीस पैशांवर गेंडा, पन्नास पैशांवर संसद भवन. १९९२मध्ये छोटा स्टीलचा रुपया आला, त्यावर अजून कणसं होती. दोन रुपये अकरा बाजूंचे, पाच रुपये जाडजूड. ही तिन्ही नाणी अंधारातही कळत. गडबड सुरू झाली ती २००५च्या सुमारास. दोन रुपयांचं अकरा बाजूंचं नाणं जाऊन साधं गोल स्टीलचं आलं, त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या रेघा आणि चार ठिपके. ते चिन्ह विविधतेतल्या एकतेचं आहे असं सरकारनं सांगितलं, लोकांना त्यात क्रूस दिसला आणि वाद पेटला. १९११च्या हत्तीची आठवण व्हावी असाच तो प्रसंग. २००७पासून अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं केलेली हस्तमुद्रांची नाणी आली: पन्नास पैशांवर मूठ, रुपयावर उभा अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. कल्पना सुंदर, अक्षर न येणाऱ्यालाही समजणारी. पण ती डोळ्यांसाठी होती. रुपया आणि दोन रुपये हाताला इतके जवळचे लागत की दृष्टिहीनांच्या तक्रारी सुरू झाल्या.

२०११मध्ये तर आकारांची सगळी शिडीच एक पायरी खाली सरकवली. रुपयाचं चिन्ह आल्यावर जी नाणी निघाली त्यांत दोन रुपयांचा व्यास २५ मिलिमीटर आणि वजन ४.८५ ग्रॅम. १९९२च्या एका रुपयाचंही तेच. नवा रुपया २२ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या स्टीलच्या पन्नास पैशांएवढा. धातू एकच, स्टील. आणि जुनी नाणी रद्द न करता सोबतच चालू. म्हणजे हाताला जो रुपया लागतो तो रुपया आहे की दोन, हे डोळ्यांनी वाचल्याशिवाय सांगता येईना. १९५०मध्ये आणि १९५७मध्ये ज्या गोष्टीची काळजी घेतली होती तीच इथं सुटली. त्याच वर्षी ३० जूनला पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. चवली-पावलीतली पावली संपली.

बदल वारंवार आणि न सांगता केले की लोकांचा विश्वास कसा उडतो, ते दहा रुपयांच्या नाण्यानं दाखवलं. दोन धातूंचं हे नाणं निरनिराळ्या चित्रांत निघत राहिलं. कुठं दहा किरणं, कुठं पंधरा. कुठं रुपयाचं चिन्ह, कुठं नाही. मग अमुक नाणं खोटं अशी आवई उठली आणि अनेक गावांत दुकानदार, रिक्षावाले ते घेईनात. शेवटी १७ जानेवारी २०१८ला रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं की चौदा वेगवेगळ्या चित्रांची नाणी निघाली आहेत आणि चौदाच्या चौदा खरी आहेत. चौदा! ज्याच्याकडं वर्तमानपत्र येत नाही त्यानं कोणतं खरं मानायचं?

२०१९मध्ये निघालेल्या मालिकेनं ही चूक बऱ्याच अंशी सुधारली, आणि त्याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे. १ रुपया २० मिलिमीटरचा, २ रुपये २३चे, ५ रुपये २५चे, १० रुपये २७चे. वजनही किमतीबरोबर वाढत जातं. वीस रुपयांच्या नाण्याला बारा बाजू आहेत. दृष्टिहीनांना ओळखता यावीत या हेतूनं ही नाणी घडवली आहेत, आणि नाण्यांवर पुन्हा धान्याची कणसं आहेत.

पण ही सुधारणा अर्धवट राहिली आहे. १९९२चा रुपया, २०११चे दोन रुपये आणि २०१९चे पाच रुपये, तिन्ही २५ मिलिमीटर व्यासाचे आहेत आणि तिन्ही आजही एकाच गल्ल्यात चालतात. पाचाचं नाणं पिवळं आणि जड असल्यानं डोळस माणूस चुकत नाही, पण पहिली दोन तर वजनानंही सारखी आहेत. नवं नाणं कितीही चांगलं असलं तरी जुनं काढून घेतल्याशिवाय हा घोळ मिटणार नाही. १९५७मध्ये सरकारनं दोन नाणी सोबत चालू दिली होती, पण जुनी नाणी एक दिवस जाणार हे आधीच सांगून. रिझर्व्ह बँकेनं आणि अर्थखात्यानं आताही तसंच करावं: १९९२ ते २०११ या काळातली एक रुपयाची, दोन रुपयांची आणि पन्नास पैशांची स्टीलची नाणी मुदत जाहीर करून, गावोगावच्या बँकांतून पुरेसा वेळ देऊन परत घ्यावीत.